कळवतो म्हणून गेलेले पावणं

बसम्मा हुक्केरी या बाईला रिकाम्या हातानं कुणाच्या उंबऱ्यावर जाता यायचं नाही. गडहिंग्लजकडचं वळण. माहेरी अव्वानं, म्हणजे आईनं, लहानपणीच कानात घालून ठेवलेलं, की दुसऱ्याच्या घरात शिरताना हातात काहीतरी असावं. काहीच नसलं तर वाटेतलं जास्वंदाचं फूल तोडून न्यावं, पण हात हलवत जाऊ नये. बाई शिकली, बी.एड. झाली, उचगावच्या अंगाच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागली, केस पिकले. तरी ते वळण काही सुटलं नाही. त्या एका वळणानं पुढं काय केलं ते सांगायचं आहे.

बाईचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. नवरा गुरुपाद, मंगळवार पेठेतल्या भांड्याच्या दुकानावर बसायचा. चांगला होता, पण फार दिवस लाभला नाही. घरात अंधार करून बसलेल्या सुनेला सासऱ्यानं एक दिवस सांगितलं, "बसव्वा, ऊठ. उद्यापासून शाळा." पेठेतली माणसं दुकानात येऊन म्हातारबाला चार शब्द सुनावून गेली. म्हातारा वजनकाटा पुसत राहिला. संपलं. बाईच्या वेळेला कुणी बैठक घेतली नव्हती, कुणी समिती नेमली नव्हती. एका माणसानं मनावर घेतलं होतं. म्हणून बाईला वाटायचं, एका माणसानं एवढं होतंय, तर पाच माणसांनी मनावर घेतलं तर काय व्हायचं नाही?

शाळेत पाच माणसं मिळालीही. हेडमास्तर गणपतराव, गडी आवाजाला तगडा. वर्गात बोलला की मैदानावरची कुत्री उठून बसायची. विज्ञानाचे शशिधर सर, बोलणं कमी. पीटीचे कृष्णात सर, तिशीच्या आतले, बिनलग्नाचे, मिशी पिळलेली, मांडीवर थाप मारल्याशिवाय वाक्य संपायचं नाही. शिपाई आण्णा. आणि बाई. शनिवारी अर्धी शाळा सुटली की स्टाफरूममध्ये भडंगाचा पुडा फुटायचा आणि कुठलं पोरगं निसटायला लागलंय, ते एकमेकांना सांगायचं, हा गणपतरावांचाच नेम. कुणाचा बाप पोराला खडी मशीनवर पाठवतोय, कुणाची आई आजारी म्हणून थोरली पोरगी चुलीपुढं बसलीय. पोर वाटून घ्यायचं, त्याच्या घरी जायचं, पाठ सोडायची नाही. तीन-चार वर्षांत बरीच पोरं अशी परत ओढून आणली होती. "आपली ही दावण हाय बघा," कृष्णात सर म्हणायचे. "सुटलं की धरून आणून बांधायचं!"

अठ्ठ्याण्णव सालच्या माघात अक्काताईचं नाव निघालं.

अक्काताई केरबाची पोर, दहावीला. बाप शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरायचा. आजीचं नाव नातीला ठेवलेलं, त्यामुळं वर्गातली टारगट पोरं तिला "ओ आजी" म्हणायची. बाईंना त्या नावाची वेगळीच गंमत. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण. "तू कसली अक्का? तू माझी तंगी," बाई म्हणायच्या. तंगी म्हणजे धाकटी. पोरगी खो-खोत वाऱ्यासारखी पळायची आणि कविता म्हणायला लागली की बाईंच्या हातातला खडू थांबायचा.

त्या शनिवारी कृष्णात सर भडंग चघळत म्हणाले, "ती अक्काताई उन्हातच येईना बघा. मैदानावर बोलवली की लिंबाखाली जाऊन बसतीया. विचारलं तर म्हणती, आई रागावती, काळी होशील म्हणती."

बाईंचा हात पुड्यातच राहिला. "आन् माझ्या तासाला तिची बोटं पिवळी असतात. डाळीचं पीठ न् हळद लावत्यात."

"मागं बसायला लागली," शशिधर सर म्हणाले. एवढंच म्हणाले.

दारात उभे असलेले आण्णा म्हणाले, "परवा केरबा आलता. पोरीची जन्मतारीख काय लावलीया म्हणून विचारालता."

चौघांचे चार तुकडे टेबलावर जुळले आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही. पोरगी दाखवायला काढली होती. परीक्षा महिन्यावर आली होती.

"एकटंदुकटं जायचं न्हाय," गणपतरावांनी टेबलावर हात आपटला. "सगळीच जाऊ. बापाला कळू दे, अख्खी शाळा मागं हाय."

एका स्कूटरवर सगळी मावणार कशी? कृष्णात सरांच्या मावसभावाची ट्रॅक्स होती, वडाप करायचा, म्हणजे माणसं भरून खेपा मारायचा. ती दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी मागवली; आण्णा तेवढे शाळेवर थांबले. बाईंनी मंगळवार पेठेतनं येतानाच पिशवीत केळीची फणी आणि एक गुळेदगुड्डचा खण टाकला होता. अंजिरी रंगाचा, स्वतःसाठी घेतलेला, न शिवता राहिलेला. तंगीच्या घरी पहिल्यांदाच जायचं होतं. हात हलवत कशी जाणार?

आता गल्लीनं काय बघितलं ते बघा. भर दुपारी ट्रॅक्स येऊन थांबली. तिच्यातनं आधी उतरला एक पांढऱ्या कपड्यातला, टोपीवाला, भारदस्त माणूस. मग चष्मा लावलेला एक गप्प गृहस्थ. मग जरीच्या काठाचं पातळ नेसलेली, पिशवी घेतलेली वयस्कर बाई. आणि शेवटी इस्त्रीची पँट, पिळदार मिशी, अंगापिंडानं भरलेला जवान गडी. शेजारच्या धोंडुबाईनं पाण्याची कळशी तशीच नळाखाली सोडली आणि ओरडली, "तानाबाईऽऽ! अगं पावणं आलं की गं तुझ्यात!"

आत अक्काताईच्या आईनं, तानाबाईनं, घाबरून घोंगडं अंथरलं, धाकट्या सुष्मीला काखेतनं खाली ठेवलं, चहा ठेवला. दोन मिनिटांनी तिला कळलं की शाळेतली माणसं आहेत. पण तोवर दारात गल्ली जमली होती, आणि गल्लीला कोण सांगणार?

केरबा कामावरनं नुकताच आलेला, भुवयांवर फौंड्रीची काळी राख. भिंतीला टेकून बसला. गणपतरावांना वाटलं, बापाला पोरीचं पाणी दाखवावं. "अक्काताई, ये बाळ. हे वाच जरा मोठ्यानं." पोरीनं धडा वाचला. "तुझं पूर्ण नाव लिहून दाखव." लिहिलं. "बघा केरबा, अक्षर बघा." दारातल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. पोरीकडनं वाचून घेत्यात, लिहून घेत्यात. आता चालवून बघतील.

आणि खरंच कृष्णात सर म्हणाले, "पळत्या तर अशी, की बघत ऱ्हावं!"

केरबानं बोटांवरची राख चोळून काढली. मग म्हणाला, "गुरुजी, मी काय पोरीचा वैरी न्हाय. पन्हाळ्याकडचं एक स्थळ हाय, माणसं बरी हायत. ती म्हणत्यात उन्हाळ्यात बघू. बसू दे परीक्षेला. पण नंबर कोल्हापुरात येणार. रोज सोबत कोण जाणार? मी कामावर. हिच्या काखंत पोर."

"ती सोय आमच्याकडं लागली," गणपतराव उठत म्हणाले. बाईंनी निघताना तानाबाईच्या हातात केळी दिली, अक्काताईला कुंकू लावलं आणि तिच्या ओंजळीत खण ठेवला. पोरगी पाया पडली. गणपतरावांनी उंबऱ्यात चपला घालता घालता, आपल्या त्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "काळजी करू नका. आम्ही आपापसात बोलतो आन् चार दिवसांत कळवतो!"

ट्रॅक्समध्ये बसल्यावर सगळे खूश होते. कृष्णात सरांनी थाप मारली, ती शशिधर सरांच्या मांडीवर. "बांधली दावणीला!" बाई म्हणाल्या, परीक्षेचे दिवस पोरगी माझ्याकडं राहील, पेठेतनं केंद्र चालत जायच्या अंतरावर आहे. सगळ्यांना पटलं. ठरलं. आता फक्त केरबाला कळवायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासनं स्नेहसंमेलनाची धांदल, त्यात वरनं तपासणीचं पथक येणार म्हणून फळे पुसा, नकाशे टांगा. गणपतरावांना वाटलं, बाईंकडंच राहणार म्हटल्यावर बाईंनी सांगितलं असेल. बाईंना वाटलं, कृष्णात सर रोज त्याच वाटेनं जातात, ते सांगतील. कृष्णात सर म्हणाले, हेडसरांनी शब्द दिलाय, आपण मधी कशाला तोंड घालायचं? पोरीला विचारावं, तर पोरगी संमेलनाच्या दिवसांत शाळेतच आली नाही. नाच-गाण्यात ती नव्हती, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तर चार घरचे होते.

आणि तिकडं नळावर तानाबाईला विचारणं सुरू झालं.

"काय गं, पावण्यांचं काय कळालं का?"

"अवो, पावणं कुठलं? शाळंचं मास्तर हुतं ते."

"असू दे बाई, न सांगायचं तर नगं सांगू."

"खरंच मास्तर हुतं."

"मास्तर कवा ट्रॅक्स घिऊन येत्यात गं? खण घिऊन? आन् कळवतो म्हणून कुठला मास्तर जातोय?"

धोंडुबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "गडी लई देखणा हुता बाई. त्येला पसंत पडली नसल. जाऊ दे. काळजी करू नगंस."

मुलाकडची माणसं 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत, त्याचा अर्थ कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोरगी बघून नापसंत केली. का केली? मग ज्याच्या त्याच्या बोलण्याला पाय फुटले. कुणी म्हणालं पायात दोष असल, म्हणून चालवून न बघता पळायचं बोलत होते. कुणी आणखी काही. ते पन्हाळ्यापर्यंत पोचलं. तिकडच्या माणसांचा निरोप आला, साधा, गोड: आमच्या पोराचं यंदा करायचं न्हाय.

आठ-दहा दिवसांनी अक्काताईची एक मैत्रीण वर्गात रडत बाईंपाशी आली, तेव्हा बाईंना कळलं. अक्काताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा थोराड, पहिली बायको वारलेली, सीमेच्या बाजूला वीटभट्टीवर मुकादम. परीक्षेच्या आधीचीच तारीख.

बाई तास सोडून निघाल्या. एकट्या, पायी. हातात काही घ्यायचं सुचलं नाही.

केरबा घरीच होता. त्यानं उठून नमस्कार केला. "बसा बाई."

"केरबा, पोरगी माझ्याकडं ऱ्हाणार हुती. सगळं ठरलं हुतं."

"मग कळवलं का न्हाईसा?"

बाई तेव्हा कुठं खाली बसल्या.

"तुमी आलासा, ते वाईट केलं म्हणत न्हाय," केरबा खाली बघत म्हणाला. "मला ठावं हाय तुमी मास्तर हायसा. हिच्या आईला ठावं हाय. पण बाई, आमी दोघंच ऱ्हात न्हाय हितं. गल्ली ऱ्हाती. मी दारादारात जाऊन सांगू, पोरगी नाकारली न्हाय म्हणून? जितकं सांगंल तितकं खरं वाटंल. धाकटी बी हाय पदरात."

"आम्ही सगळे येऊन सांगतो गल्लीला."

"परत ट्रॅक्स घिऊन?"

तानाबाई दाराआडून बाहेर आली. तिनं हात जोडले आणि जे बोलली ते बाई पुढं जन्मभर विसरल्या नाहीत. "बाई, ते मिशीवालं मास्तर बिनलग्नाचं हायत न्हवं? त्येंनीच करून घेतली तर? म्हंजे गल्ली बी खरी, तुमी बी खरं. आन् पोरगी काय शिकायची ती तिच्या घरात शिकंल."

आत अक्काताई बसली होती. बाईंना तिचे पाय तेवढे दिसले. घोट्यापर्यंत हळद.

स्टाफरूममध्ये त्या शनिवारी भडंगाचा पुडा कुणी फोडला नाही. कृष्णात सर येरझारा घालत होते. "मी जातो. गल्लीत उभा राहून सांगतो, मी मास्तर हाय, मी काय बघायला आलो नव्हतो!"

"तूच तर नवरा मुलगा हुतास," बाई म्हणाल्या. "तू गेलास की म्हणतील, मन फिरलं, परत आला."

"मग पोलिसात जाऊ. पंधरा वर्षाची पोर. कायदा हाय."

गणपतराव आज हळू बोलले. इतके हळू, की आण्णाला पुढं वाकावं लागलं. "हाय, कायदा हाय. पोलीस आणला तर एक लग्न मोडंल. मोडलेल्या लग्नाची पोरगी केरबानं मग कुठं न्यायची? आन् पुढच्या जूनला ह्या गावातनं एक तरी बाप आठवीला पोरगी घालंल का? म्हणतील, शाळंत घातली की पोलीस येतोय. बाई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. पाच माणसांनी मनावर घेतलं होतं. कुणी मागं हटलं नव्हतं, कुणी कामचुकार नव्हतं. खिडकीतनं खो-खोचे दोन खांब दिसत होते. कुणी काहीच ठरवलं नाही, आणि न ठरवणं म्हणजेच काय ठरलं ते सगळ्यांना कळलं.

केरबा स्वतः शाळेत येऊन आमंत्रण देऊन गेला. अक्षता सगळ्यांच्या हातावर ठेवल्या. लग्नाला बाई एकट्या गेल्या. अक्काताईच्या अंगात अंजिरी खणाचं पोलकं होतं. घाईत शिवलेलं, बाहीला जरा घट्ट. दुरून बघून ती हसली, जसं वर्गात कविता झाल्यावर हसायची. बाई जेवल्या नाहीत. दहावीचा पहिला पेपर मराठीचा होता. पेठेतल्या त्या शाळेसमोर बाई घंटा होईपर्यंत उभ्या राहिल्या. सवय म्हणून, दुसरं काय.

वर्षं गेली. पोरं निसटत राहिली, काही धरून आणली, काही गेली. घरी जायचं असलं की आता एकजणच जायचा, सायकलवरनं, खडूचे हात न धुता, मास्तर आहे ते दिसावं म्हणून. बाईंनी कुणाच्या घरी काही नेणं सोडलं. अव्वाला मनात म्हणायच्या, माफ कर. आणि 'कळवतो' हा शब्द त्या शाळेत कुणी उच्चारायचा नाही, असं न सांगता ठरून गेलं.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, मंगळवार पेठेत भाजी घेताना मागून हाक आली, "बाई!"

अक्काताई. सुकलेली, पण ताठ. हातात मेथीच्या जुड्या. पलीकडं मोटरसायकल चालू ठेवून नवरा उभा. डोक्याचे केस पांढरे.

"बाई, सतरा नंबरचा फॉर्म असतोय म्हणं. बाहेरनं दहावीला बसता येतंय. आता बी बसता यील काय हो मला?"

"येतं की गं," बाईंचा आवाज चढला. "कोण म्हणतं येत न्हाय? मुदत काय हाय, दाखला कुठला लागतोय, मी विचारतो सगळं, आन् तुला—"

शब्द दातांशी येऊन थांबला. अक्काताईनं तो बघितला. मोटरसायकलचा हॉर्न वाजला.

"आईकडं निरोप ठेवा," ती भराभरा बोलली. "फोन मालकांकडं असतोय, तेवर नगं. आई तिथंच ऱ्हाती. आमची सुष्मी दहावीला हाय बाई. लई हुशार. तिला बी बघायलाल्यात, पण बाबा म्हणत्यात परीक्षेपर्यंत कुणाला दारात येऊ देणार न्हाय." आणि पळाली. तसंच पळायची, अंगातलं वारं अजून गेलं नव्हतं.

बाईंनी तीन ठिकाणी हेलपाटे घालून सगळं विचारलं. अजून मुदत होती, होण्यासारखं होतं. मग एका सकाळी उचगावला गेल्या. बसनं. हातात पिशवीसुद्धा घेतली नाही. साधं सुती पातळ नेसल्या.

गल्ली तीच. नळाच्या जागी टाकी झाली होती, बायका तशाच उभ्या होत्या. धोंडुबाईच्या जोत्यावर तिची सून तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं. अनोळखी, नीटनेटकी, पिकल्या केसांची, कपाळाला विभूती लावलेली बाई. तानाबाईच्या घराकडं वळणारी.

"कुणाकडं आलासा, पावणं?" सुनेनं मोठ्यानं विचारलं.

टाकीवरच्या बायका वळल्या. एकीनं घागर खाली ठेवली. केरबाच्या घराचं दार उघडं होतं, आणि दारात एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. मान खाली, ओठ हलत होते. पाठ करत होती काहीतरी. उन्हात बसली होती.

सुष्मीच ती. बाई आहे तिथंच थांबल्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "चुकलं. दुसरी गल्ली बघत हुतो."

"कुठली वो?"

बाई वळल्या. मागं सून म्हणाली, "कोण हुती गं?" आणि दुसरी म्हणाली, "कुणास ठावं." बाई बस थांब्यापर्यंत चालत आल्या. निरोप तसाच होता, तोंडातल्या तोंडात. मुदत पुढच्या आठवड्यात संपणार होती.